माना खाली, डोळे कोरडे

प्रिय वन्सं,

तुमचं कार्ड पोचलं. ‘मी मजेत आहे, काळजी नसावी’ एवढंच लिहून खाली अख्खं कार्ड कोरं सोडलंत. तिकीट तेवढंच लागतं वन्सं, दोन ओळींना काय आणि दोनशे ओळींना काय. मी मात्र कागदाच्या दोन्ही बाजू भरणार आहे, जागा उरली तर समासातही लिहीन. मैत्रिणीकडे आठ दिवस राहून येते म्हणालात, लोकरीचे कपडे घेऊन गेलात, आणि आता इथे पंखे लागलेत. तुमच्या मैत्रिणीचं घर मोठं आहे, बाग आहे, त्या हेडमिस्ट्रेस होत्या आणि तुम्हाला पेपर वाचून दाखवतात, सगळं मान्य. तरी तुम्ही घरी परत यावं, हे आधीच सांगून टाकते. हे म्हणत होते की ते शेवटी लिही, आधी गमती सांग. पण मला बाकी ठेवायला आवडत नाही. आता गमती.

पहिली गंमत म्हणजे तुमचे धाकटे बंधू मेले आणि उठून चालायला लागले. घाबरू नका. नदीपलीकडची बंद पडलेली कागदाची गिरणी एका टीव्ही मालिकेवाल्यांनी भाड्याने घेतलीय. मालिका झॉम्बींची. म्हणजे माणूस मरतं, थोड्या वेळाने उठतं, ओळखपाळख विसरतं आणि दिसेल त्याला चावत सुटतं. उरलेली जिवंत माणसं गिरणीत छावणी करून राहतात. आपल्या शेजारची शिंपीणबाई तिथे चांगल्या कपड्यांच्या चिंध्या करायचं काम करते, तिनेच ह्यांना नेलं. ह्यांचा तो उजवा गुडघा, ज्याला तुम्ही इतकी वर्षं तेल चोळलंत, त्याचं तिथे सोनं झालं. बाकीच्यांना लंगडायला शिकवावं लागतं, ह्यांना ते उपजतच. दिग्दर्शक म्हणतो, काका, तुम्ही फक्त चहा घ्यायला निघाल्यासारखे चाला. तोंडाचा रंग तिथल्याच साबणाने उतरवून या असं मी बजावलंय. एकदा विसरले, तर दूधवाला किटली आपल्या दारात टाकून पळाला.

मग मीही जाऊ लागले, छावणीतल्या गर्दीत बसायला. आधी मनाला पटत नव्हतं. मेल्यावर माणसाने देवाकडे जावं, लोकांची दारं ठोठावत फिरू नये. प्रार्थनेत विचारून पाहिलं. देव काही बोलला नाही, आणि दुपारचं जेवण त्यांच्याकडून असतं, म्हणून हो म्हटलं.

आमचं मुख्य काम रडायचं. पण वन्सं, तिथे रडण्याची प्रतवारी असते. केसांत पेन्सिल खोचलेली एक मुलगी आहे, ती सकाळीच सांगते आज कोण मरणार आणि कोणासाठी किती. छावणीचा कॅप्टन मेला तेव्हा सगळं काम रडण्याचंच होतं. डोळ्यांत ग्लिसरीन घातलं, नायिका अंगावर कोसळली, एक कुत्रा आणला होता त्यालाही तोंड पाडून बसवलं. हा कॅप्टन कसा, तर कोणाला कधी बरं बोलला नाही, जेवल्यावर स्वतःची ताटली उचलली नाही. तरी मी मन लावून रडले. कामाचे पैसे घेतो तर काम चोख करावं. पेन्सिलवाली म्हणाली, काकू, तुमचा आवाज छान लागतो.

त्यानंतर पाळी आली छावणीत स्वयंपाक करणाऱ्या बाईची. मालिकेत तिला नावसुद्धा नाही. प्रत्येक प्रसंगात मागे एका मोठ्या पातेल्यात डाव फिरवत उभी, पुढे माणसं मोठमोठं बोलताहेत आणि ही वाटगे भरून देतेय. ते काम करणारी बाई मोठी मजेदार. माझ्याहून वयाने थोडी मोठी, मधल्या सुटीत पत्ते खेळते आणि सरळसरळ फसवते. फाटकावरच्या पहारेकऱ्याला सूप द्यायला जाते आणि तिथे तिला झॉम्बी चावतो. कोण चावणार, तर आमचे हे. आदल्या दिवशी स्वारी आरशासमोर दात विचकून तालीम करत होती, केवढा मान मिळाला म्हणून. आणि प्रत्यक्षात काय, चावून झाल्या झाल्या “लागलं नाही ना?” असं विचारून दोनदा शॉट घालवला.

मग पुढचा प्रसंग. तिला भिंतीशी घोंगडीखाली झाकून ठेवलेलं, आणि शेजारच्याच टेबलाशी आम्ही सगळे जेवायला बसलेलो. तिनेच सकाळी केलेलं सूप. नवा कॅप्टन नकाशा काढून पुढचा बेत सांगणार होता. पेन्सिलवालीने टाळी वाजवून सांगितलं, “इथे कोणी रडायचं नाही. माना खाली, डोळे कोरडे, आणि जेवायला लागा.” मी हळूच विचारलं, असं का गं. ती मुलगी वाईट नाही हो, फार गोड आहे. ती म्हणाली, “काकू, ती कोणाचीच कोणी नाही ना.”

कॅमेरा सुरू झाला. मी मान खाली घातली. सूप खरंच गरम होतं. चमचा तोंडाशी नेला आणि मला असा हुंदका आला की चमचा वाटग्यात पडला. ग्लिसरीन नाही, काही नाही. कॅप्टनसाठी आवाज लावून रडले होते, इथे आवाजच फुटेना. तेवढ्यात ठरल्याप्रमाणे घोंगडी हलली आणि ती बाई गुरगुरत उठली. सगळे किंचाळत पळाले. मलाही पळायचं होतं, पण मला भानच राहिलं नाही. ती माझ्यासमोर येऊन उभी, डोळे पांढरे, तोंडातून लाळ. तिची शाल खांद्यावरून घसरली होती. मी ती नीट केली आणि म्हटलं, “बसा आधी. सकाळपासून उभ्या आहात.”

आणि ती बसली. खरं म्हणजे तिने मला चावायचं होतं.

थांबा म्हणायचं दिग्दर्शकालाही सुचलं नाही. मला वाटलं, आता हाकलणार. त्या दिवसाची मजुरी नको असंही मी म्हणून टाकलं, माझ्या तोंडून असं काही ऐकून हे रंगवलेल्या तोंडाने माझ्याकडे बघतच राहिले. पण त्यांनी तो शॉट ठेवला, वर गोष्टच बदलली. आता त्या बाईला मारत नाहीत. तिला लांब दोरीने स्वयंपाकघरात बांधलंय, ती सवयीने पातेल्यात डाव फिरवत असते. मीठ तिला आठवत नाही म्हणून छावणीतलं कोणीतरी पाळीपाळीने तिच्याजवळ बसतं आणि चव सांगतं. लोकांना ते इतकं आवडलं की कॅप्टनचं नावही कोणी काढत नाही. तिचं काम टिकलं, त्या आनंदात तिने मला पत्त्यांतली फसवाफसवी शिकवली. आणि भाजीवाली ह्यांना हल्ली वजनात मारते. म्हणते, तुम्ही त्या सूपवाल्या काकूंना चावलात.

आता हे पत्र कशासाठी, ते लिहिते. थोरले भाऊजी गेले तेव्हा घर माणसांनी भरून गेलं. ज्याला त्याला पोटभर रडून घेता आलं. ज्या बहिणीला ते पाठीवर बसवून शाळेत न्यायचे, ती तेवढी स्वयंपाकघरात होती. सगळे जेवून उठल्यावर भांडी पुसता पुसता तुम्ही विचारलंत, “माझ्या वेळी आल्यागेल्याच्या जेवणाचं कोण बघणार?” हे म्हणाले, “ताई, तूच आदल्या दिवशी करून ठेवशील.” आम्ही हसलो, तुम्हीही हसलात, आणि त्याच आठवड्यात पेटी भरलीत. परवा शूटिंग संपल्यावर हे तशाच रंगवलेल्या तोंडाने गिरणीच्या पायरीवर बसून राहिले होते. म्हणाले, “ताईला मी हसत हसत चावलो.” त्यांच्याने हे लिहवत नाही, म्हणून मी लिहिलं. शनिवारी ते तुम्हाला घ्यायला येताहेत, तोंड धुऊन. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मी देते. कोणीही बघणार नाही. त्या दिवशी आपल्या घरात गॅस पेटवायचं कोणाला सुचणार नाही. आलेली माणसं उपाशी परत जातील आणि नावं ठेवतील, खुशाल ठेवू देत. देवाला माझं एवढंच मागणं आहे की तो दिवस त्याने इतका लांब ढकलावा की आधी माझा नंबर लागावा. तेव्हा तुम्ही बाहेरच्या खोलीत सगळ्यांच्या पुढे बसून रडायचं. त्या दिवशी स्वयंपाकघरात पाऊल जरी टाकलंत, तर मी उठून चावेन.

तुमचीच,
जिला तुम्ही हिशेबनीस म्हणता ती