मोठी खोली कुणाची

गुरुवार, सदाशिव पेठ

गेल्या महिन्यात नेहा आणि ऋचा स्वतःच्या लग्नासाठी आमचं मंगल कार्यालय बघायला आल्या, आणि मी सवयीने विचारलं, "मुलाकडचे कधी येणार?" दोघी उठून गेल्या. नंतर मी फोन करून माफी मागितली. ती त्यांच्यासाठी की बुकिंग जाऊ नये म्हणून? अजून सांगता येत नाही.

आज त्या परत आल्या, ऋचाच्या आईंना घेऊन. आई दाराजवळच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसल्या. 'वरपक्ष', 'वधूपक्ष' या पाट्या मी सकाळीच काढल्या होत्या, पण मोठी खोली एकच, आणि ती कायम मुलाकडच्यांची. नेहाने विचारलंच, "मग ती कुणाला?"

आमचे व्यवस्थापक गोडबोलेकाका म्हणाले, "ज्यांच्याकडे गुडघे जास्त दुखतात त्यांना. तीस वर्षं मुलाकडच्यांना दिली, एकानेही आभार मानले नाहीत."

"मग ती आमची," ऋचाच्या आई म्हणाल्या. "माझ्या तिन्ही नणंदांचे गुडघे गेलेत."

ऋचा आईकडे वळली. "आत्या येणारेत? तू सांगितलंस त्यांना?"

"सांगितलं. साड्याही घेऊन झाल्यात त्यांच्या."

काकांनी वहीत लिहिलं: मोठी खोली, ऋचाकडचे.

मी ते दोनदा वाचलं.