शेगडीपुढची शाल

तीर्थरूप आईला, तुझ्या झोपाळू लेकीचा साष्टांग नमस्कार.

मी बरी आहे. हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करते, वेळेवर जेवते. पण फोनवर पुन्हा "गोळ्या सोड, पहाटे उठून चालायला जा" म्हणालीस, तर मी फोनच उचलणार नाही! थायरॉईड काही आळसाने मंदावत नाही गं. आणि ती दुसरी, अ‍ॅड्रिनल ग्रंथीसाठीची गोळी अचानक सोडली तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय.

दोन्ही गोळ्या म्हणजे सख्ख्या जावा. एकीला उपाशी पोट लागतं, दुसरीला भरलेलं. त्यांचं जमवता जमवता माझा चहा रोज निवतो. तरी खोलीतली मैत्रीण माझे डोळे उघडायच्या आत कप पुढे करते. पहिल्या गोळीनंतर तासभर चहा चालत नाही, किती वेळा सांगायचं!

काल इस्त्रीच्या वाफेतही मी स्वेटर घालून उभी होते. मुकादमबाई म्हणाल्या, "अशी बाई जन्मात पाहिली नाही."

मी म्हटलं, "मी पाहिलीय."

भर उन्हाळ्यात शेगडीपुढे शाल पांघरून बसणारी. भाजी निवडता निवडता पेंगणारी. जिला आजीने जन्मभर आळशी म्हटलं, आणि जिने ते खरं मानलं.

आई, तुझे केस अजून गळतात का? पायांना सूज येते का? दादाला म्हणावं, आधी आईचं रक्त तपासून आण, मग बाकीची कामं.

तोवर पहाटे उठू नकोस. खुशाल झोप. कोणी आळशी म्हणालं, तर त्याची माझ्याशी गाठ आहे.

तुझ्यावरच गेलेली,
तुझी लेक