दाराबाहेरचं संत्रं

२६ नोव्हें.
नाताळच्या सजावटीला चार संत्री, त्यांत टोचायला पावशेर लवंगा. दुकानदाराने दोनदा विचारलं, एवढ्या? दाभण नाही म्हणून विणायच्या सुईने भोकं पाडली. पप्पांनी शिकवलं तसंच: आधी भोक, मग लवंग, ओळ सोडायची नाही. शाळेआधीची माझी शाळा म्हणजे त्यांचं टेबल. मोजायलासुद्धा लवंगांवरच शिकले. बोटांची आग आग.
सासूबाई म्हणाल्या, "कर हवं तर. पण उंबऱ्याच्या आत." इथे सौदीत, खोबरमध्ये, उघड नाताळ चालत नसे; तीस वर्षं मम्मींनी, म्हणजे सासूबाईंनी, तो पडदे ओढूनच केला.

२८ नोव्हें.
समोरच्या शाहीन आपा दारात. हैदराबादच्या. "क्या बना रे जी? पूरा कॉरिडॉर महक रा!" तोंडून निघालं, गरम मसाला. मम्मी मागून खूश. मी नाही. पप्पांचा नियम, खोटं बोललं तर त्याच दिवशी वहीत. लिहिलं.
वास जाऊ नये म्हणून चारही संत्री आइस्क्रीमच्या डब्यात घट्ट बंद. पलंगाखाली.

३० नोव्हें.
आपांचा रिकामा डबा आला, थोडा मसाला दे म्हणून. मम्मी म्हणाल्या, "आता दळ." दळला. संध्याकाळी आपांचा निरोप: मेरी अम्मी के हाथ का मसाला याद आ गया. हेही वहीत.

६ डिसें.
पलंगाखालचा डबा उघडला. चारही हिरव्या बुरशीने... फेकली. पप्पांना फोन. "बंद करून ठेवलीस? अगं, वारा लागतो त्याला." का बंद केली ते मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

७ डिसें.
पुन्हा चार. दालचिनीच्या पुडीत घोळवून बाल्कनीत दोरीवर, नवऱ्याच्या, विनयच्या, शर्टांशेजारी.
मम्मी: "त्याचा इकामा, इथे राहायचा परवाना, जानेवारीत रिन्यू व्हायचाय. कुणी तक्रार केली तर?"
विनय: "मम्मी, मॉलमध्ये आता उघड नाताळची झाडं विकतायत."
"विकू देत. मॉलला इकामा लागत नाही."
सगळ्यांत जास्त भीती मलाच वाटते. गॅस बंद केलाय का हे मी तीनदा बघते. पण संत्री आत घेतली नाहीत.

१८ डिसें.
संत्री हलकी, टणक झाली. आपांच्या दारापर्यंत जाऊन दोनदा परत. तिसऱ्यांदा बेल दाबली.
"आपा, उस दिन मसाला नहीं था. क्रिसमस का संतरा था."
"तो मैं खाई सो क्या था?"
"वो बाद में बनाया."
हसत सुटल्या. मग हसू आवरून विचारलं, "मेरे से छुपाए कायको?"
 

१९ डिसें.
मम्मींना सांगितलं. "तीस वर्षं मी कुणाला कळू दिलं नाही. तू बेल वाजवून सांगून आलीस."  त्यांच्या पडद्यांना मी भित्रेपणा म्हणणार नाही. तेव्हाचे दिवस त्यांनी काढले, मी नाही. पण हे दार आता माझंही आहे. एक संत्रं बाहेर लागणार. लिहून ठेवते, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

२४ डिसें.
सकाळी लाल फितीने दाराबाहेर लावलं. विनय ड्यूटीवर जाताना थांबला, फीत सरळ केली, गेला.
दहा वाजता संत्रं आत, टेबलावर. मम्मींचं काम. पुन्हा बाहेर लावलं. अकराला परत टेबलावर. परत बाहेर. 
बाराला दारावर नाही. टेबलावरही नाही.
"मी नाही," मम्मी म्हणाल्या. त्या खोटं बोलत नाहीत. मग कोण? आपा? वॉचमन? वरच्या मजल्यावरचं कुणी? 
तीन उरलीत. दुसरं उचललं. मम्मी खुर्चीवरून उठल्या. वाटलं, अडवणार.
"गाठ सैल बांधतेस तू. दे इकडे."
दोन गाठी मारल्या त्यांनी. मी लावलं. बाहेर.
लिफ्ट आपल्याच मजल्यावर थांबली आत्ता. दार मी लावून घेतलेलं नाही.