जोगीपेटच्या वळणावरचा दगड

१२ जानेवारी १९९४
हैदराबादला नामपल्ली स्टेशनात उतरले तर नुमाइशीच्या प्रदर्शनाची ही गर्दी! ट्रंक सांभाळत कशीबशी बाहेर पडले. दिलसुखनगरात गच्चीवरची खोली मिळाली. डिप्लोमावाली लेक माधवी खासगी कंपनीत लागली म्हणून आई, सखूबाई, नांदेडला अख्ख्या गल्लीला पेढे वाटत असेल. काम हैदराबाद-नांदेड रस्ता रुंद करायचं. संगारेड्डी, जोगीपेट, पिटलम, मदनूर, देगलूर. तो पूर्वी कुठून जायचा ते मी लिहायचं आणि वळणं सरळ करायची. याच रस्त्यावर बहात्तरच्या दुष्काळात बाबा डांबर टाकायला गेले. मी तेव्हा रांगत होते. ते परत आले नाहीत, कुठे गेले तेही कळलं नाही. आई अजून पहिली भाकरी त्यांच्यासाठी झाकून ठेवते.

३ फेब्रुवारी
हा रस्ता मुळात बैलगाड्यांनी पाडलेला. तळं आलं की वळायचं, चिंच दिसली की तिच्याकडे जायचं. कुणाला घाई म्हणून नव्हतीच. मला त्याचा लळा लागलाय. तरी जोगीपेटपुढचं मोठं वळण मीच पेन्सिलीनं कापलं. साहेब खूष झाले.

२१ मार्च
वळण उखडलं. किलोमीटरचे दगड फोडून खडी करायची होती. एकाच्या पाठीवर गेरूचा पंजा निघाला. म्हातारे मजूर म्हणाले, दुष्काळात इथं डांबराचं पिंप उलटून एक जण भाजून गेला. देगलूरकडचा सूर्यभान. टोळीनं त्याची खूण केली.
देगलूरचे सूर्यभान म्हणजे माझे बाबा. बाबा इतके दिवस माझ्याच नकाशात होते. तो दगड फोडू दिला नाही, जीपमधून खोलीवर आणला. मेणबत्ती लावली आणि पोटभर रडले.

२४ मार्च
एसटीडी बूथवरून नांदेडला शेजारच्या केशवरावांकडे फोन लावून आईला बोलावलं. वाटलं, तिला बरं वाटेल. तिनं आधी दगड कुठं ठेवलास ते विचारलं. मग म्हणाली, "खुणेचा दगड घरच्यांनी घराकडं न्यायचा असतोय. माणूस दगडामागं चालत येतंय. जिथं ठेवला तेच त्याला घर वाटतंय. तू उलटा नेलास, बाई."
रविवारी घेऊन येते म्हणाले. तिनं फोन ठेवला नाही, नुसती रडत राहिली.

२६ मार्च
भरदुपारी घरमालकीण मंगलाबाई ओरडल्या, जिन्यात डांबर कुणी सांडलं म्हणून. सांडलेलं नव्हतं, पावलं होती. डांबरवाले पायांना गोणपाट बांधतात, त्याची वीण उमटलेली. सगळी वर येणारी. खाली जाणारं एकही नाही.
मला भीती वाटते. स्वतःच्या बापाची भीती वाटते, याची लाजही वाटते.

२७ मार्च, रविवार
बसचं तिकीट काढलं. दगड उचलवेना. फरशीला चिकटलाय — खालचं डांबर अजून गरम आहे —

दुपार
दाराशी आहेत. मी आईसारखी दिसते, सगळेच म्हणतात. तेही तसंच समजले.
"सखू, पोरगी कुठाय?"
बाबा, मीच ती, म्हटलं. परत म्हटलं. त्यांना रांगणारी हवी आहे.

तिला शोधायला जायचं म्हणतात — रस्त्यावर राहिली असेल — मला खाली बसवलंय. माझ्या पायांना गोणपाट बांधतायत. किती जपून. पोळेल म्हणतात —
हात असे भाजलेले आणि गाठ किती हळू —
मला ‘नाही’ म्हणवत नाही.
आई, आता दोन भाकरी झाक —