लांबकान्याने बुडवलेलं लग्न

ल आव्र, बंदरावरून

तीर्थस्वरूप झेलीताईस, धाकट्या ओर्तांसचा नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? गाय व्याली का? दाजींचा खोकला थांबला असेलच. रीत म्हणून विचारलं. इकडे सगळं ठीक आहे असंही रीतीने लिहायला हवं, पण तेवढं खोटं माझ्याच्याने लिहवत नाही. तुझ्यावर मी इतकी चिडले आहे की पानगळीपासून पत्र टाकलं नाही, आणि आजही राग गेलेला नाही, फक्त पोटात मावेनासा झाला आहे.

तुझ्या लेकीबद्दल, सोलांजबद्दल, वर्तमानपत्रात जे आलं ते विसर. म्हणे बंदरावर थरारक अटक! पोलिसांनी कसला डोंबलाचा थरार केला? ते माझ्याच कॅफेत बसून माझेच शिंपले ओरपत होते. तिच्या फिरमँला पकडून दिलं ते तू पाठवलेल्या त्या प्राण्याने. (त्याचं नाव मी लिहिणार नाही. बंदरावर ते कोणी तोंडातूनही काढत नाही. तुझ्या खुराड्यातला, कोबी खाणारा, लांबकान्या. कळलं ना?)

सगळं जमवलं होतं गं मी. फिरमँने ज्या गुंडाला चाकू मारला तो तुझ्या लेकीला विकायला निघाला होता, म्हणून त्या पोराला मी माळ्यावर लपवलं. कप्तान कर्वेलाच्या हातापाया पडले. पहाटेच्या भरतीला दोघं ब्राझीलला निघणार, तिथे लग्न करणार, असं ठरलं. फिरमँ आधी जहाजावर चढला. मागून आली सोलांज, हातात झाकलेली टोपली. कोणाच्या दारी रिकाम्या हाताने जाऊ नये, हे तुझंच वळण! माझ्या रश्श्यासाठी तू पाठवलेला लांबकान्या तिने कप्तानाला भेट म्हणून नेला. जिवंत! जहाजावर! अगं, दोर कुरतडून जहाज तळाला नेणारा प्राणी तो! (शेतावर राहून तुम्हाला काय कळणार म्हणा.)

कर्वेलाने फडकं उचललं आणि दोन कान वर आले. एवढा दाढीवाला गडी, पांढराफटक पडला. खलाशांनी धडाधड धक्क्यावर उड्या घेतल्या, स्वयंपाकी देवाचं नाव घेत रडायला लागला. "ही बया आणि हे ध्यान आधी उतरवा!" कप्तान गरजला. "पोराला एकट्याला नेतो, नाहीतर दोघं चालते व्हा." टोपली पोरीसकट खाली आली, खलाशी परत चढले, दोर सुटला. सोलांज खालून ओरडतेय, "फिरमँ, तू जा! मावशी, सांग ना त्याला!" मीही ओरडले, "जा मेल्या, जा!" त्या आरड्याओरड्याने पोलीस शिंपले टाकून बाहेर आले. तरीही तो सुटला असता. पण त्याने काय करावं? कठड्यावरून धक्क्यावर उडी मारली, आणि पळायचं सोडून तिची वाकडी झालेली टोपी सरळ करत उभा राहिला. बेड्या पडेपर्यंत टोपी! असा संताप आला मला, ताई, की मी तिथेच भोकाड पसरलं.

तेव्हा यापुढे तुझ्या खुराड्यातलं एक शेपूटही माझ्या दारात पाठवू नकोस. दाजींना नमस्कार.

तुझी, अजूनही धुमसणारी,
ओर्तांस

ता. क. तो लांबकान्या इथेच आहे. त्याच्या भीतीने एकही खलाशी माझा उंबरा ओलांडत नाही. कापावा म्हटलं तर सोलांज त्याला उशाशी घेऊन निजते. स्वतःच्या पानातलं सगळं त्यालाच भरवते. तो फुगलाय आणि तुझी लेक वाळत चालली आहे.

आणखी एक ता. क. फिरमँला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. कैद्यांचं जहाज या वसंतात ला रोशेलहून सुटेल. काळ्या पाण्यावरून कोणी परत येत नाही, हे तुलाही ठाऊक आहे. पण त्या जहाजावरही खलाशीच असणार ना? तेव्हा वर लिहिलेलं मनावर घेऊ नकोस. दाजींना गाडी जुंपायला सांग आणि घरात असतील नसतील तेवढे ससे पाठव. (लिहिलं एकदाचं. ससे, ससे, ससे!) सगळे जिवंत हवेत. मोठ्या कानांचे टोपलीत वर ठेव.