लाँग क्रॉफ्टचे शेत वगळून

मंगळवार, १४ मार्च २०२३ रोजी सकाळी सव्वासहाला मी एक हातगाडी आणि हिरवळ उचलायचे पाते घेऊन मिल लेनच्या फुटबॉल मैदानावर गेलो. खोदकाम गुरुवारी सुरू होईल असे मला सांगितले होते. त्याआधी दोन दिवसांत उत्तरेकडच्या गोलसमोरची हिरवळ मातीसकट अलगद काढून घ्यावी, असा माझा बेत होता. मी पोचलो तेव्हा यंत्र चालू होते आणि गोलसमोर कमरेएवढा खड्डा होता. मी भरलेल्या ट्रकपुढे जाऊन उभा राहिलो. चालक भला माणूस. त्याने इंजिन बंद केले, मला एक हातगाडी माती भरून घेऊ दिली, आणि मग म्हणाला, "आता सरका, भाऊ. मलाही नोकरी आहे."

त्या दिवसापासून क्लबचे अध्यक्ष गॅविन स्ट्रॅटन गावभर सांगत फिरले की नीलचे डोके फिरले. म्हणून सर्वांत आधी हे लिहितो. मी, नील विल्फ्रेड ऑल्डरसन, वय एकोणपन्नास, राहणार ९, रोपवॉक, थॉर्नबेक, यॉर्कशायर, त्या सकाळी पूर्ण शुद्धीवर होतो आणि आजही आहे. डॉक्टरांचे तसे पत्र सोबत जोडले आहे. येत्या नऊ सप्टेंबरला माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे, म्हणून ही तजवीज. हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने लिहीत नाही. रागाने लिहीत आहे, आणि त्याला कायद्याची हरकत नाही, हे मी वकीलबाईंना विचारून घेतले आहे. याआधी केलेले तिन्ही मसुदे रद्द समजावेत.

माझा भाऊ रसेल हे वाचताना आधी लाँग क्रॉफ्टचे शेत कोणाला दिले ते शोधेल. रसेल, ते शेवटी आहे. क्रमाने वाच.

१. या मृत्युपत्राची अंमलबजावणी चॅपलचे कारभारी डेनिस आउथवेट यांनी करावी. त्यांना दुसऱ्याच्या कागदात नाक खुपसायची आवड नाही, हेच त्यांच्या निवडीचे कारण.

२. रोपवॉकवरचे माझे घर रसेलची मुलगी बेथनी हिला द्यावे. तिच्यावर कोणतीही अट नाही. जिन्याची तिसरी पायरी सैल आहे. माझ्या बायकोने, जुडिथने, ती दुरुस्त करायला मला एकवीस वर्षे सांगितले. बेथनीने ती करून घ्यावी.

३. बँकेत जे असेल त्यातून अंत्यविधी करावा आणि उरलेले चॅपलच्या छपराला द्यावे. मी ज्या दोन खोल्यांच्या शाळेत शिकलो ती या चॅपलचीच होती. मला जे वाचता, लिहिता आणि गप्प बसता येते, ते तिथलेच.

४. माझी वही. निळ्या पुठ्ठ्याची, स्वयंपाकघरातल्या खणात. तिच्यात चौदा नावे आहेत.

थॉर्नबेक टाऊन हा दोर वळणाऱ्या कामगारांनी काढलेला क्लब. कारखाना गेला तरी आम्हाला 'दोरवाले' हेच नाव राहिले. आमच्याकडे रीत होती की ज्याचा जन्म दर शनिवारी मैदानाभोवतीच्या कठड्याला टेकून गेला, त्याची राख मैदानात मिळवायची. हे काम मैदान राखणाऱ्याचे, म्हणजे माझे, अठरा वर्षे. नुसती राख टाकली तर गवत जळते. म्हणून ती चाळलेल्या मातीत आणि वाळूत कालवायची, हिरवळीचा चौकोन उचलायचा, खाली पसरायची, चौकोन परत बसवून पायाने दाबायचा. मग मी टोपी काढून एक लहानशी प्रार्थना म्हणत असे. घरचे लोक रडत, आणि शनिवारी त्याच जागेवर उभे राहून आमचा गोलकीपर शिव्या घालत असे. कोणाला त्यात काही वावगे वाटले नाही. पहिले नाव वॉल्टर सिम यांचे, जे स्वतः गोलकीपर होते. चौदावे माझ्या जुडिथचे.

ही वही चॅपलमध्ये ठेवावी आणि दरवर्षी हंगामाच्या पहिल्या रविवारी ती चौदा नावे मोठ्याने वाचावीत. कारण आता वाचण्यापलीकडे त्यांचे काही करता येत नाही. मैदान उकरून प्लॅस्टिकचे गवत अंथरायचे ठरले, तेव्हा मी गॅविनला वेळेवर सांगितले होते.

"गॅविन, तिथे माणसं आहेत."

"कुठे?"

"उत्तरेच्या गोलसमोर. चौदा जण."

तो हसला. "तरीच आपला बचाव एवढा भक्कम!" मग माझा चेहरा बघून म्हणाला, "बरं, बरं. ती माती वेगळी काढून ठेवायला सांगतो. शब्द देतो तुला. आणि मला गॅव्ह म्हण रे, किती वेळा सांगायचं."

ती माती आज गावाबाहेरच्या मोठ्या दुकानाच्या गाडीतळाभोवती बांध म्हणून घातली आहे. त्यावर कसलीशी जांभळी झुडपे लावली आहेत. रविवारी चॅपल सुटल्यावर मी तिथे जाऊन उभा राहतो. लोक माझ्या शेजारून सामानाच्या गाड्या ढकलत नेतात. माझी बायको त्या बांधात नेमकी कुठे आहे, हे मला माहीत नाही. माझ्या हातगाडीतल्या मातीत ती असेल तर असेल.

५. गॅविन स्ट्रॅटन यांना 'वर्षाचा सर्वोत्तम कार्यकर्ता' असे लिहिलेली काचेची ढाल परत द्यावी. सोबत कपाटातली बरणी द्यावी. तिच्यात काळे रबराचे दाणे आहेत, जे त्यांच्या प्लॅस्टिकच्या मैदानावरून माझ्या मोज्यांत, खिशांत आणि एकदा दुधाच्या भांड्यात आले. एक हंगाम मी ते मैदानही झाडले. डेनिस यांनी ही बरणी त्यांच्या हातात द्यावी, दाराशी ठेवून येऊ नये.

माझे पाद्री म्हणतात की मी त्यांना क्षमा केली पाहिजे. मी रोज सकाळी तशी प्रार्थना करतो. आजच्या तारखेपर्यंत क्षमा साधलेली नाही, आणि मृत्युपत्रात खोटे लिहू नये.

६. या कलमात मी कोणाला काही देत नाही. माझा दोष लिहून ठेवतो.

सहा वर्षांपूर्वी आमची दशा वाईट होती. वादळात दिव्याचा एक खांब कोसळला होता, बसायच्या जागेचे छप्पर गळत होते, सामन्याला शंभर-सव्वाशे माणसे आणि चार कुत्री. त्यात आम्ही साखळी स्पर्धेत खालच्या वर्गात घसरलो. तेव्हा गॅविन आला. चांगला कोट, चांगले बोलणे, आमच्यातल्या प्रत्येकाचे नाव पाठ. त्याचे म्हणणे एवढेच की क्लब सभासदांच्या मालकीचा असेपर्यंत कोणी पैसा घालणार नाही; त्याची कंपनी करा. जूनमधल्या सभेत हात वर करून मतदान झाले. बाजूने एक्याऐंशी, विरोधात सहा. त्या सहांत जुडिथ होती. एक्याऐंशीत मी होतो.

घरी जाताना ती पुलावर थांबली. मग म्हणाली, "चॅपलमध्ये स्तोत्र सुरू कर म्हटलं तर मान खाली घालून बसतोस. आणि त्या माणसासाठी हात कसा सरसर वर गेला!"

"सगळ्यांनीच केला, जुड."

"मी सगळ्यांशी लग्न केलेलं नाही."

पुढे आम्ही लागोपाठ दोनदा वर चढलो. लीड्सहून गाड्यांतून खेळाडू येऊ लागले. लोक रस्त्यात मला मिठ्या मारत. माझ्याही डोळ्यांत पाणी आले होते, ते मी नाकारत नाही. मग आमचा तपकिरी-पिवळा रंग जाऊन जांभळा आला. मग चहाचे खोपट पाडले. मॉरीन हेब्डन एकतीस वर्षे तिथे चहा, बोव्हरिल नावाचा गरम मांसरस आणि मटणाचे पॅटिस विकत होती. तिला क्लबने ई-मेल पाठवून काढले. मॉरीनकडे ई-मेल नाही. तिला ते शनिवारी कळले, कुलपात किल्ली फिरेना तेव्हा. मग गवत गेले. आणि यंदा वसंतात गॅविनने जाहीर केले की क्लब आता तीस मैलांवर दुसऱ्याच्या मैदानात खेळेल आणि मिल लेनवर सदनिका होतील. प्लॅस्टिक अंथरतानाच हे त्याच्या मनात होते का, ते मला सिद्ध करता येणार नाही, म्हणून लिहीत नाही.

७. माझे गवत कापायचे यंत्र, मातीला भोके पाडायचा काटा, रेषा मारायची चाकगाडी आणि दोरीचे गुंडाळे सभासदांच्या नव्या क्लबाला द्यावेत. मे महिन्यात चॅपलच्या शाळाखोलीत आम्ही त्रेचाळीस जणांनी तो काढला. जुने नाव, जुना रंग. सगळ्यात तळाच्या वर्गात, नगरपालिकेच्या बागेत खेळतो. तिथे गोलचे खांब ठेवायला परवानगी नाही. दर शनिवारी ते मॉरीनच्या अंगणातून खांद्यावर न्यायचे आणि सामना संपला की परत आणायचे. यंत्राला थंडीत सुरू व्हायला वेळ लागतो. त्याला लाथ मारू नये.

८. बाबांचे घड्याळ रसेलला द्यावे. हे मी पूर्वीच द्यायला हवे होते.

९. माझ्या अंत्यविधीला कोणी जांभळे घालून येऊ नये. टाळ्या वाजवू नयेत. हल्ली मैदानात तशी फॅशन आहे. गप्प उभे राहावे. मला चॅपलमागच्या दफनभूमीत पुरावे. जाळू नये.

१०. आता लाँग क्रॉफ्टचे शेत.

रोपवॉकच्या मागे, मिल लेनला लागून, तीन एकर. बाबांनी ते एकट्या माझ्या नावे केले. तिथे शेजाऱ्याची घोडी चरत असे आणि एका कोपऱ्यात ती हातगाडीभर माती आहे. मिल लेनचा पूल अरुंद असल्यामुळे दुसरा रस्ता दाखवल्याशिवाय सदनिकांना परवानगी मिळणार नाही. दुसरा रस्ता या शेतातूनच निघू शकतो. एवढ्यासाठी गॅविन माझ्या दारात तीनदा आला आणि शेवटच्या खेपेला बरोबर रसेलला घेऊन आला.

"तीन एकर काटेरी गवत, नील," रसेल म्हणाला. "तुझं त्यावर होतं काय? घोडीसुद्धा तुझी नाही."

"बाबांनी ते..."

"बाबांचं नाव काढू नकोस. तू घरी राहिलास म्हणून तुला शेत. मी कामाला बाहेर गेलो म्हणून मला त्यांचं साधं घड्याळही नाही. आता वीक, मला निम्मं दे, आणि मिटव."

घड्याळाबद्दल त्याचे खरे होते. गॅविन दारातून म्हणाला, "विचार कर, नील. त्या बागेत कुत्र्यांची घाण उचलत किती दिवस खेळणार तुम्ही?"

मी दार लावून घेतले आणि बसून मृत्युपत्राचा पहिला मसुदा लिहिला. मग दुसरा. तिसरा मागच्या शनिवारी मॉरीनला वाचून दाखवला. नुकतेच आम्ही खांब तिच्या अंगणात आणून टाकले होते आणि ती खांदा चोळत बसली होती.

"'माझ्या मृत्यूनंतर लाँग क्रॉफ्टचे शेत सभासदांच्या क्लबाला द्यावे,'" मी वाचले.

"छान," ती म्हणाली. "आणि मरणार कधी तू?"

"मॉरीन!"

"नाही, आपलं विचारते. मी अठ्ठ्याहत्तरची. तुझी झडप नवी बसली की तू नव्वदीपर्यंत जाशील, आणि जावंसच. तोवर हे खांब कोण वाहणार? आम्ही दर शनिवारी तुझ्या तब्येतीची चौकशी करायची का, गेला का म्हणून?"

"अगं, पण आत्ता दिलं तर रसेलला काय सांगू?"

"हां, असं आहे होय. म्हणजे तू मेल्यावर त्याने वकिलाशी भांडायचं, तुझ्याशी नाही." तिने किटली ठेवली. "हुशार आहेस, पोरा. पण भित्रा आहेस."

आयुष्यात मला एवढा राग दुसऱ्या कोणाचा आला नाही, गॅविनचाही नाही. घरी येईपर्यंत तो मॉरीनवर होता. दार उघडेपर्यंत तो माझ्यावर आला. जेव्हा नाही म्हणायचे होते तेव्हा मी गर्दीत हात वर केला, आणि आता जे तोंडाने सांगायचे ते शवपेटीतून सांगणार होतो. रविवारी मी चॅपलमध्ये सगळे गेल्यावरही बसून राहिलो. सोमवारी सकाळी रसेलला फोन केला.

"शेत मी क्लबाला देतोय," मी म्हणालो. "मेल्यावर नाही. या बुधवारी."

तो म्हणाला, "मग मला कशाला सांगतोस? करून मोकळा व्हायचंस."

"तुला माझ्याकडून कळावं म्हणून."

"शेण खा," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. तो उद्या परवा बोलेल किंवा कधीच बोलणार नाही. बेथनीला दिलेल्या घराचा याच्याशी संबंध नाही, हे त्याने तिच्यासमोर मान्य करावे, एवढी विनंती आहे.

काल, बुधवार, २१ ऑगस्ट २०२४ रोजी सकाळी अकरा वाजता, वकीलबाईंच्या कचेरीत, मी लाँग क्रॉफ्टचे तीन एकर शेत सभासदांच्या क्लबाच्या नावे बक्षीसपत्राने करून दिले. अट लिहून घेतली आहे: खेळाचे मैदान सोडून त्याचे दुसरे काही करायचे असेल, तर ते थांबवायला एका सभासदाचाही नकार पुरेसा होईल. घोडी शेजाऱ्याने आज सकाळी नेली.

म्हणून या मृत्युपत्रात त्या शेताची वाटणी नाही. ते माझे राहिलेले नाही.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांच्या देखत पुन्हा वाचला, आणि दोघेही समोर असताना खाली सही करीत आहे. दोघांपैकी कोणालाही यातून काही मिळणार नाही.

(सही) नील विल्फ्रेड ऑल्डरसन

साक्षीदार:
(सही) वेंडी प्रिचर्ड, ग्रंथपाल, थॉर्नबेक
(सही) इयन मॅक्लस्की, टपाल वाटप, थॉर्नबेक

स्थळ: चॅपलची शाळाखोली, थॉर्नबेक
दिनांक: गुरुवार, २२ ऑगस्ट २०२४