गालाजवळचं लोखंड

अण्णा, तुमच्या कारखान्यातून गेलेली रायफल कोणी झाडताना तुम्ही कधी पाहिलीत का, हे विचारायचं राहूनच गेलं. बहुधा नाहीच. उभी नोकरी तुम्ही बोल्टच्या दोन लगांवर घालवलीत. तेच दोन बोटभर कान, ज्यांच्यावर गोळी सुटताना सगळा धक्का येतो. ते घासायचे, तपासायचे, ट्रे पुढच्या खात्यात ढकलायचा आणि घरी यायचं. पुढे त्याचं काय झालं ते तुम्हाला कोण सांगणार? मी मात्र परवाच्या शुक्रवारी पाहिलं, मस्कतबाहेरच्या डोंगरातल्या रेंजवर, आणि तेव्हापासून मला चैन नाही. बायकोला सांगायला गेलो तर म्हणाली, "तुम्ही बापलेक लोखंडाचेच." म्हणून म्हटलं, तुम्हालाच सांगावं.

तुम्ही गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी मी इथे आलो. राहतो माबेल्यात, घरं तिथे स्वस्त. सकाळी निघालं की वाटेत नव्या विमानतळाचं बांधकाम लागतं, ते काही संपत नाही, आणि पुढे हमरियाला लागून आमचं दुकान, नेमबाजीच्या सामानाचं. मागच्या खोलीत माझं लेथ. यंदा थंडी सुरू होताना एक म्हातारा फौजी आला, बलुची, हिंदी आपल्यापेक्षा बरी बोलणारा. इथे मालकालाही अर्बाब म्हणतात आणि बड्या गिऱ्हाइकालाही अर्बाबच, म्हणून हा म्हातारा माझा अर्बाब. त्याला लांब पल्ल्याची रायफल बांधून हवी होती, आणि गाडी अडली होती अ‍ॅक्शनवर. अ‍ॅक्शन म्हणजे हो तुमची बॉडी आणि बोल्ट. नळी बदलता येते, दस्ता बदलता येतो, पण रायफलचं काळीज तेच. एक वाट म्हणजे फॅक्टरीत हजारोंनी निघणारी अ‍ॅक्शन, आमच्या कपाटात तयार. दुसरी कस्टम: परदेशातला एखादा छोटा कारखाना एकेक करून बनवतो, आज मागवली तर पुढच्या थंडीत हातात.

आणि पुढची थंडी त्याच्यापाशी नव्हती. उजवा डोळा जात चालला होता, अल् खुवैरच्या डॉक्टरने तसं तोंडावर सांगितलेलं. "ये सर्दी मेरी है," तो म्हणाला, "अगली का अल्लाह मालिक. दुकानदार को नहीं पूछता, तू बोल. फॅक्टरीवाली में दम नहीं हो तो साफ बोल, मैं शौक छोड़ देता हूँ." आता आली का पंचाईत! त्याची शेवटची थंडी माझ्या जिभेवर येऊन बसली.

नेमकी त्याच आठवड्यात दुसऱ्या कोणाची तरी कस्टम अ‍ॅक्शन आली होती. मी म्हाताऱ्यासमोरच डबा उघडला. बाप रे, अण्णा! काय वस्तू होती! मी परत जाऊन हात धुऊन आलो, मगच हात लावला. जरा तिरकी धरली की बोल्ट आपल्या वजनाने सरकत जाई, कुठे अडत नाही, कुठे हलत नाही, आवाज म्हणून नाही. माणसाच्या हातून एवढं होऊ शकतं? मी येडाच झालो. मालक दारातून डोळ्यांनी खुणावत होता, अशीच महागडी ऑर्डर याच्या गळ्यात मार. मग कपाटातली फॅक्टरीची काढली. बोल्ट मागे ओढला तर खुळखुळ्यासारखा वाजला. माझं तोंड वाकडं झालं, आणि तेच अर्बाबने पाहिलं. बिचाऱ्याचा चेहराच उतरला.

तेव्हा मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. मी ट्रेडचं सर्टिफिकेट घेऊन नुकताच घरी आलोय, जगातला सगळ्यात शहाणा. आई भाकरी थापतेय, तुम्ही पाटावर. मी म्हणतोय, "अण्णा, रोज तेच दोन लग. यात कसली आलीय कारागिरी?" तुमचा आवाज चढत नाही. हातातला घास ताटात ठेवून म्हणता, "बोल्ट बंद झाला की त्याच्या शेजारी कोणाचा तरी गाल असतो. तो माणूस मला ठाऊक नाही. पण त्याचा गाल मला रोज दिसतो. जेव आता मुकाट्याने." आई हसू लपवायला चुलीकडे वळते, आणि मी मुकाट्याने जेवतो.

मी ती खुळखुळी अ‍ॅक्शन टेबलावर घेतली. लगांना निळा रंग फासला, बोल्ट बंद केला, उघडला. तुमचीच पद्धत. जिथे लोखंड लोखंडाला टेकतं तिथला रंग जातो. फॅक्टरीच्या मालात बहुतेकदा एकच लग टेकतो, दुसरा नुसता शोभेला. मी दिव्याखाली धरलं आणि अंगावर काटा आला. दोन्ही! दोन्ही लगांवरचा रंग सारखा गेलेला, जणू कोणी मापून पुसलाय. पुन्हा केलं, पुन्हा तेच. कोण असेल हो तो? कुठल्या देशातला, कुठल्या पाळीतला? मशीनने कापलं असेल, पण मशीन लावणारा कोणीतरी असेलच ना, ज्याला हा म्हातारा कधी दिसणार नव्हता. कस्टमवर बनवणाऱ्याचं नाव कोरलेलं होतं, याच्यावर नुसता आकडा. मला भरून आलं, अर्बाबसमोरच.

"अर्बाब, यही लो," मी म्हणालो. "खुला है तब आवाज करेगा. करने दो, यहाँ की रेत को भी जगह चाहिए, नहीं तो अटकेगा. बंद हुआ कि एकदम पक्का." मालकाने कपाळाला हात लावला. म्हाताऱ्याने बोल्ट डोळ्यापाशी नेऊन ते निळे डाग त्या अर्ध्या नजरेने तपासले, मग म्हणाला, "खलास," म्हणजे इथल्या बोलीत ठरलं. "बनाओ."

नळी बसवली, दस्ता बसवला, आणि शुक्रवारी त्याच्याबरोबर रेंजवर गेलो. लोखंडी प्लेट इतकी लांब की माझ्या धड डोळ्यांना ठिपकाच. तो चटईवर पालथा पडला. बोल्ट खळखळत पुढे गेला आणि बंद होताच गप्प झाला. त्याने गाल दस्त्याला टेकवला. दाढीचे पांढरे खुंट, उन्हाने रापलेली कातडी, आणि वीतभर अंतरावर ते दोन लग. लग धक्का झेलतील ना, एवढंच माझ्या डोक्यात. आयुष्यभर तुम्ही असे रोज कसे जगलात, अण्णा? गोळी सुटली. गाल नुसता थरथरला आणि पुन्हा जागेवर आला. म्हातारा हसत उठून बसला, लहान पोरासारखा. "शुफ्त? देखा?"

"देखा, अर्बाब," मी म्हणालो.

हे पत्र कुठे पाठवणार, तुमचा पत्ताच उरलेला नाही. पडू दे माझ्या हत्यारांच्या पेटीत. तुम्हाला म्हणून सांगतो, अर्बाबला सांगू नका: मी प्लेटकडे पाहिलंच नाही. मी त्याच्या गालाकडे पाहत होतो.